हसलेले तीन अनारसे

या उन्हाळ्यात तुम्हाला जाता येईल. गेल्या उन्हाळ्यात दार नव्हतं, पुढच्या उन्हाळ्यात नसेल. 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून. 19 वर्षांत चंद्राचे 235 महिने बसतात, त्यातले 7 अधिकाचे, म्हणून दर 19 वर्षांनी तिथ्या आणि तारखा जवळजवळ जुन्या जागी परत येतात. 2007 साली हाच महिना याच तारखांना होता. त्याच्या मागे 1988: 16 मे ते 14 जून. चाळीतल्या खोल्यांसारखी तीन दारं एका रेषेत. पहिल्यातून डोकावलं तर तिसऱ्यातली खिडकी दिसते.

सामान फार नको. मोबाईल इथेच ठेवा, तिथे तो कुणाला लागणार? बरोबर घ्या ती कालनिर्णयची दोन पानं, आजोबांच्या, म्हणजे नानांच्या, ट्रंकेत सापडलेली: मे आणि जून 1988. तारखांच्या चौकोनांत नानांचं बारीक, फायलीवर शेरा मारावा तसं अक्षर. ‘दूध 2’. ‘कूलरची गवतं बदलली’. ‘कुतुब’. ‘रेल्वे म्यु.’. ‘बडखल’. ‘धोंडे’. आणि 14 जूनच्या चौकोनात नुसता एक शब्द, ‘मुद्रिका’. तुम्ही पुण्यात वाढलेले. मुद्रिका म्हणजे अंगठी, असंच तुम्ही समजलात. नानांनी माईला अंगठी घेतली होती? मग ती गेली कुठे? आईला विचारावंसं वाटलं, पण दागिन्यांच्या वाटण्या होऊन इतकी वर्षं झाल्यावर हा विषय कोण काढणार? त्यापेक्षा जाऊन बघितलेलं बरं.

मधल्या दारात थांबू नका. 2007 मध्ये माई एकटी आहे, भिंतीवर नानांचा फोटो आहे, आणि 33 अनारसे कुणाकडून तरी विकत आणलेले. माई त्यातला एक उजेडाकडे धरते, जाळी बघते, परत ताटात ठेवते. चला पुढे.

सोमवार, 16 मे 1988, पहाटे साडेपाच. तुम्ही मयूर विहारच्या एका डीडीए इमारतीच्या गच्चीवर उतरता. जपून पाय टाका, निवारीच्या खाटा ओळीने टाकल्या आहेत. रात्री शिंपडलेलं पाणी कधीच उडून गेलंय, तरी सिमेंटला ओल्या मातीचा जरासा वास आहे. शेवटच्या खाटेवर चादर लाथाडून झोपलेलं आठ वर्षांचं पोर म्हणजे तुम्हीच. काल रात्री आईबरोबर झेलम एक्स्प्रेसने आलात, नाकातली धूळ अजून गेलेली नाही. त्याला उठवू नका. त्याच्या वाटेतही येऊ नका. तो या महिन्यात स्वतःशिवाय कुणाकडेच बघणार नाहीये.

पश्चिमेला बघा. मेट्रोचा पूल नाही. अक्षरधाम नाही. यमुनेच्या खादरात नुसती शेतं, काकडीचे आणि टरबुजांचे वेल, मधूनमधून एखादी झोपडी. नोएडाच्या बाजूला इतकं मोकळं आहे की तिकडून येणारी आंधी दहा मिनिटं आधी दिसते.

जिन्यात चपलांचा आवाज. हातात स्टीलची बरणी, खिशात मदर डेअरीची टोकनं, पायजमा आणि बनियन: नाना. आठवणीत ते म्हातारे होते ना? नीट बघा. 58 वर्षांचे आहेत, तुमच्यापेक्षा फक्त बारा वर्षांनी मोठे. केसही काळे आहेत, कानांवर तेवढे पांढरे. 31 जानेवारीला नॉर्थ ब्लॉकमधून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, एप्रिलमध्ये सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडलं. माई अजून त्या वसाहतीला तिच्या जुन्या नावानं विनयनगरच म्हणते. 1955 साली लग्न होऊन ती दिल्लीत आली तेव्हापासून हा त्यांचा पहिला उन्हाळा आहे ज्यात साडेआठला डबा भरायचा नाही.

डबा नाही म्हटल्यावर दोघंही जरा भांबावलेले आहेत. नाना दूध आणून, पेपर वाचून, आंघोळ करून साडेसातलाच ‘तयार’ होतात आणि मग कुठे जायचं नसतं.

आता अधिक महिना लागला. लग्न नाही, मुंज नाही. या घराची वास्तुशांतसुद्धा निज ज्येष्ठात ढकललेली. कुणाच्या घरी अक्षता टाकायला जायचं नाही, आहेराची पाकिटं नाहीत. पंचांगानं सगळी शुभकार्यं बंद ठेवून एक अख्खा महिना हातात दिलाय. नाना सकाळच्या चहाला जाहीर करतात, “पोराला दिल्ली दाखवायची. रोज नाही, एक दिवसाआड.” माई म्हणते, “उन्हात? आजारी पाडाल.” नाना म्हणतात, “पहाटे निघायचं, अकराच्या आत परत.” आणि मग, पेपरमधून डोकं वर न काढता, “तूही चल.”

हे शेवटचं वाक्य त्या पोराला ऐकू आलेलं नाही. तुम्ही ऐका. तेहेतीस वर्षांत या घरी गावाकडून, पुण्याहून, नागपूरहून किती पाहुणे आले असतील! परीक्षेला आलेले, बदलीच्या खटपटीला आलेले, हरिद्वारला जाताना दोन दिवस टेकलेले. प्रत्येकाला कुतुब, लाल किल्ला, बिर्ला मंदिर. दाखवायला नाना जायचे. माई घरी. पाहुणे परत येतील तेव्हा पोळ्या गरम हव्यात, त्या कोण लाटणार? दिल्ली बघून परतलेल्यांना वाढता वाढता तिनं दिल्ली ऐकली.

म्हणून सोमवारी, 23 मेला, कुतुबला जाताना माईकडे लक्ष ठेवा. डीटीसीची पहाटेची बस, गार वारा, खिडकीशी ती. पदर डोक्यावरून घेतलेला, पिशवीत कैरीच्या पन्ह्याची बाटली, काकड्या आणि कागदात गुंडाळलेलं मीठ. तिकिटाच्या खिडकीशी कुणी नाही. आत शिरल्यावर मिनाराकडे बघून ती एवढंच म्हणते, “बाई, तिरका वाटतो.”

नाना 1956 मध्ये वर चढले होते. 379 पायऱ्या, असं ते दर पाहुण्याला सांगतात. आज सांगताना थांबतात, कारण दार बंद आहे. 4 डिसेंबर 1981 ला आतले दिवे गेले, जिन्यात चेंगराचेंगरी झाली, त्यात शाळेची मुलंही गेली. तेव्हापासून वर कुणाला सोडत नाहीत. नाना दाराशी उभे राहून कुलपाकडे बघतात आणि मग, विषय बदलावा म्हणून, लोहस्तंभाकडे वळतात.

पोर खारींच्या मागे गेलंय, आई पोराच्या मागे. खांबाजवळ फक्त दोघं आहेत, आणि तुम्ही.

1988 मध्ये खांबाभोवती कठडा नाही, तो 1997 मध्ये येईल. सात मीटरांहून उंच, सहा टन वजनाचा खांब उघड्यावर उभा आहे. सोळाशे वर्षं पावसात उभा राहून गंजला नाही, याचं कारण लोखंडातला फॉस्फरस; त्यानं वर एक पातळ साय धरते आणि ती आतल्या लोखंडाला सांभाळते. पण लोकांना खांबाचं एकच शास्त्र माहीत: पाठ टेकायची, हात मागे न्यायचे, आणि बोटांना बोटं लागली की मनातलं पुरं होतं. माणसाच्या कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर तो घासून घासून भांड्यासारखा चकचकीत झालाय.

नाना चष्मा खिशात ठेवतात. पाठ टेकतात, हात मागे. वीतभर कमी पडतं.

“पोट आड येतंय,” माई म्हणते.

“पोट पुढे आहे. हात मागे आहेत.”

“मग हात तोकडे.”

पुन्हा प्रयत्न. पुन्हा वीतभर. मग माई इकडेतिकडे बघते. चौकीदार लांब, कमानीखाली विडी पेटवतोय. ती खांबाच्या पलीकडून जाऊन उभी राहते आणि नानांची दोन्ही मनगटं धरते. “झालं,” ती म्हणते. “आता मागा काय मागायचं ते.”

“अगं, लोक बघतील.”

“कोण लोक? पाहुणे घरी आहेत का आज?”

तुम्ही मान फिरवलीत तरी चालेल. ते पोर मात्र तेव्हा खारीला काकडी फेकत होतं. त्याला या सकाळचं आठवतं ते इतकंच, की परतताना त्याला मसाला लावलेला बंटा मिळाला आणि बाटलीतली गोटी काढू दिली नाही.

बाकीच्या फेऱ्यांत तुम्ही भराभर चला. रेल्वे म्युझियममध्ये 1855 सालची फेअरी क्वीन उभी आहे; नाना फलकावरचं इंग्रजी मोठ्यानं वाचतात आणि माई इंजिनापेक्षा राजेरजवाड्यांच्या सलूनमधल्या न्हाणीघराकडे जास्त वेळ बघते. अप्पू घरला पोराबरोबर झोक्यात कुणी बसायचं यावर चर्चा झाली आणि शेवटी आई-पोर खाली उभे, आजी-आजोबा वर. तिथून माई ओरडली नाही, फक्त डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा म्हणाली, “यमुना दिसली का हो?” नानांनीही मिटलेच होते.

कमळ मंदिर तेव्हा नवं कोरं. 1986 च्या डिसेंबरात अर्पण झालेलं, त्यामुळे रांग लांब, चपला काढल्यावर फरशीचा चटका. आत 27 पाकळ्यांच्या खाली गार सावली. मूर्ती नाही, गुरुजी नाहीत, घंटा नाही. पोर पाच मिनिटांत कंटाळलं. माई वीस मिनिटं हलली नाही. बाहेर आल्यावर आईला म्हणाली, “कुणी काही मागत नाही गं तिथं.” आई हसली. तिला ते देवाबद्दल वाटलं.

रात्री इंडिया गेट. लाईट गेली की अर्धी दिल्ली तिकडेच येते, सतरंज्या आणि डबे घेऊन. अमर जवान ज्योत कमानीखाली आहे. मागच्या दगडी छत्रीखाली कुणीच नाही: पंचम जॉर्ज 1968 मध्ये हलवला, नेताजी 2022 मध्ये येतील, मधली चोपन्न वर्षं ती रिकामी. पोर विचारतं, “इथे कोण बसतं?” नाना म्हणतात, “सध्या वारा.” काला-खट्टा चुस्कीनं पोराची जीभ जांभळी. माईचीही. ती पदरानं पुसते.

29 मे, रविवार. मामाची तान्ही वर्षाची झाली. मामा फरीदाबादला कारखान्यात, म्हणून वाढदिवस बडखल तलावावर. आज तिथे गेलात तर या शतकाच्या सुरुवातीलाच आटलेल्या तळ्याची कहाणी ऐकायला मिळेल. 1988 मध्ये पाणी आहे. गेल्या वर्षीच्या दुष्काळानं काठ थोडा उघडा पडलाय, पण नावा चालल्यात. दिवसभर अरवलीच्या टेकड्या तव्यासारख्या तापल्या, आता संध्याकाळी जरा वारा. मामी केक आणते, माई औक्षणाचं तबक काढते, आणि आधी काय, यावर दोघी पाच मिनिटं अतिशय गोड आवाजात बोलतात. शेवटी मेणबत्ती वाऱ्यानं विझली आणि निरांजनही. तान्हीनं आईस्क्रीममध्ये मूठ घातली.

आता स्वयंपाकघरात या आणि इथे मात्र सावकाश. बाबा 3 जूनला येणार, रविवारी 5 जूनला त्यांचं धोंड्याचं जेवण. अधिकात जावई नारायण, लेक लक्ष्मी, आणि जावयाला वाण जाळीदार वस्तूचं, 33 नग. “तेहेतीस वर्षं मी कुणाचा तरी जावई आहे,” नाना म्हणतात, “मला कधी तेहेतीस मिळाले?” माई म्हणते, “एकेक करून खाल्लेत. मोजा.”

अनारशाचा तांदूळ तीन दिवस भिजतो, पाणी रोज बदलायचं. नंतर पंचावर पसरून सावलीत अर्धवट सुकवायचा, दमट असतानाच दळायचा, किसलेला गूळ घालून गोळा मुरत ठेवायचा. पुण्यात हे डोळे मिटून जमतं. दिल्लीच्या मे महिन्यात ‘अर्धवट’ ही अवस्थाच नाही. लू खिडकीच्या फटीतून येते आणि पंचावरचा तांदूळ चहा पिऊन होईपर्यंत खडखडीत. माई तो न्हाणीघरात सुकवते, दार लावून, ओल्या फरशीवर पाट, पाटावर पंचा. दोन तास कुणी आंघोळीला जायचं नाही. दर दहा मिनिटांनी आत जाऊन मुठीत दाणे दाबते. मूठ उघडली की लाडू राहिला पाहिजे आणि बोट लावलं की मोडला पाहिजे. तांदूळही आपला जुना जाडा नाही, इथला परमल. त्याच्या मनात काय आहे हे तळताना कळणार.

4 जूनची दुपार. कढईत तूप, मंद आच. माई खसखशीवर थापलेला अनारसा खसखस वर ठेवून सोडते, उलटत नाही, झाऱ्यानं फक्त तूप उडवत राहते. पहिला जाळी धरतो. दुसरा, तिसरा. नववा पडतो आणि कडेनं सुटायला लागतो, बुडबुडे, फेस, भोकं मोठी होत होत कढईभर पसरतो. अनारसा हसला, असं म्हणतात. माईच्या चेहऱ्यावर मात्र हसू नाही. ती त्याला गोळा करून एका डब्यात लपवते. आई बाहेरून विचारते, “काय झालं?” “काही नाही. तूप उडालं.” पोराची आई झालेल्या लेकीला आपला अनारसा हसलेला दिसू द्यायचा नाही, याला गर्व म्हणा, मी तरी कारागिरी म्हणेन. शेवटी छत्तीसांतले तेहेतीस साधले. तीन हसलेले वरच्या फळीवर, साखरेच्या डब्यामागे.

दाराशी समोरच्या बिहारी वहिनी वाटी मागायला आलेल्या. ताटाकडे बघून थबकतात. “अरे, अनरसा!” माईला धक्का. तेहेतीस वर्षं तिला वाटत होतं हा पदार्थ विंध्याच्या खालचा. वहिनी सांगतात, त्यांच्याकडे या महिन्याला मलमास म्हणतात, सासूबाई राजगीरच्या मेळ्यात गेल्यात. दोघी अर्धा तास पाकाविषयी बोलतात, एक हिंदी, एक हिंदी म्हणून मराठी.

रविवारी साडेनऊला रस्त्यावर चिटपाखरू नाही. लंकेत युद्ध पेटलंय आणि रामायण शेवटाकडे आलंय, 31 जुलैला संपेल. ते झाल्यावरच पानं मांडायची. धोंडे, त्यावर तूप, आमरस. हापूसची देवगडची पेटी आईनं झेलममध्ये सीटखाली घालून आणलेली, पण तीन आठवडे कुठे पुरणार? माईनं रसात निम्मा सफेदा मिसळलाय. बाबा पहिल्या घासाला म्हणतात, “आहाहा, अस्सल देवगड!” नाना माईकडे बघतात. माई वाटी पुन्हा भरते. मग तांब्याच्या ताम्हनात तेहेतीस अनारसे, वर निरांजन, शर्टपीस आणि पँटपीस. “असू दे, असू दे हो माई,” म्हणत बाबा लाजतात. वाणाआधी एकही मिळाला नाही म्हणून पोर कोपऱ्यात फुगून बसलंय. तुम्ही अडतीस वर्षं हे सांगत आलात, नाही का?

सोमवारी, 13 जूनला तिघं परत निघाली. नवी दिल्ली स्टेशन, सुरई, खिडकीतून हात. पोर रडलं नाही, त्याच्याकडे बंट्याची एक गोटी होती, मामानं बाटली फोडून दिलेली. तुम्ही मात्र गाडीत चढू नका. तुमच्या हाती अजून एक दिवस आहे.

मंगळवार, 14 जून, अमावास्या. साडेसात. नाना तयार. घर फार स्वच्छ दिसतंय. माई खाटा उभ्या करून ठेवते, एक चादर दोनदा घडी घालते. नाना कालनिर्णयसमोर उभे आहेत, पेन उघडं. “आज काय लिहू?”

“लिहायला काय, आता कोणाला दाखवायचंय?”

नाना काही बोलत नाहीत. मग माई स्वयंपाकघरात जाते, स्टुलावर चढते, साखरेच्या डब्यामागून डबा काढते. “चला. पण उतरायचं नाही कुठे. पाय दुखतात माझे.”

पेन कागदावर टेकतं: मुद्रिका.

त्यांच्या मागोमाग या. बस निजामुद्दीन पुलावरून यमुना ओलांडते, सराय काले खाँला दोघं उतरतात आणि रिंग रोडवर उभे राहतात. दहा मिनिटांनी डीटीसीची बस येते. कपाळावर पाटी: मुद्रिका. अख्ख्या रिंग रोडला वळसा घालून जिथून निघाली तिथेच परत येणारी. तुम्ही मागच्या सीटवर बसा.

कंडक्टर येतो. “कहाँ जाना है?”

नाना म्हणतात, “यहीं.”

तो त्यांच्याकडे बघतो, मग माईकडे, आणि काही न विचारता तिकिटं फाडतो.

आश्रम, लाजपत नगर, मेडिकल. नौरोजी नगरपाशी माई खिडकीला नाक लावते. झाडांमागे पिवळी क्वार्टरं दिसतात, कुणाच्या तरी बाल्कनीत निळी चादर. “आपल्या तारेवर वाळत घातलीय बाई कुणीतरी,” ती म्हणते. धौला कुआँ गेल्यावर डबा उघडतो. हसलेले अनारसे कुरकुरीत झालेत, मेल्यांना जाळी कसली, नुसतं भगदाड. नाना एक खातात, माई एक. गूळ करपलेला, तूप मुबलक. “हेच चांगले लागतात,” नाना म्हणतात. माई म्हणते, “हळू बोला.”

डब्यात तिसरा. त्याचे सारखे दोन भाग कसे करायचे, मुळात ज्याला कडाच नाही त्याचा मध्य कुठला, यावर पंजाबी बागेपासून आझादपूरपर्यंत वाद चालतो.